वापर दीडपट, बिल दुप्पट: मुलुंडच्या एका सोसायटीचे पाणी-प्रकरण

मुलुंड पूर्वेला रेल्वे स्थानकापासून चालत दहा-बारा मिनिटांवर असलेली, तळमजला अधिक तीन मजल्यांची, दोन विंगांची आणि चोवीस घरांची ही सोसायटी १९८० च्या दशकातली आहे. मे महिन्याच्या मध्यावर तिच्या कार्यालयात पाण्याचे बिल आले. मागच्या वर्षी याच ९१ दिवसांच्या काळाचे बिल १५,३५३ रुपये होते. या वेळी आकडा २९,५१७ रुपये होता. समितीच्या बैठकीत पहिला अर्धा तास महापालिकेने दर दुप्पट केले असावेत यावर गेला, आणि पुढचा अर्धा तास बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या पाच तरुणांवर. विषयपत्रिकेत टँकर मागवण्याचा ठरावही होता, कारण एप्रिलपासून रात्री नऊच्या पुढे नळाची धार बारीक होऊ लागली होती. सोसायटीचा एक सभासद म्हणून या प्रकरणाच्या तपासात मी सुरुवातीपासून होतो. पुढचे टिपण त्या तीन आठवड्यांतील नोंदवहीवरून लिहिले आहे.

मुंबईत इमारतींना पाण्याचे बिल सहसा घरागणिक येत नाही, सोसायटीला येते. रस्त्याखालच्या जलवाहिनीतून निघालेली जोडणी फाटकाजवळच्या एका मीटरमधून आत येते, तिथून पाणी जमिनीखालच्या टाकीत पडते, पंपाने ते गच्चीवरच्या टाकीत चढते आणि मग उतरत्या नळांनी घरोघर जाते. पाणी दिवसातून काही ठरावीक तासच येते, म्हणून ही दोन टाक्यांची रचना. परिणाम असा की मीटरला फक्त खालच्या टाकीत किती पाणी शिरले एवढेच कळते. ते पाणी कोणी प्यायले, कोणी धुण्याला वापरले की मातीत मुरले, याचा मीटरला पत्ता नसतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) हे बिल घरांमध्ये नळांच्या संख्येवर आणि आकारावर वाटले जाते, त्यामुळे सभासदाच्या हाती देखभाल शुल्काच्या पावतीतली एक ओळ पडते आणि मूळ बिल सचिवाखेरीज कोणी पाहत नाही. आमच्याकडेही तेच होते. गेल्या चार वर्षांची बिले फाइलमध्ये नीट लावलेली होती. त्यांच्यावर नजर मात्र कोणीही फिरवलेली नव्हती.

बिल वाचायला घेतल्यावर पहिली गोष्ट पाहिली ती मागील आणि चालू नोंदीची. चालू नोंद प्रत्यक्ष मीटर वाचून घेतलेली असेल तर तिचा एक अर्थ होतो. मीटर बंद किंवा नादुरुस्त असल्याने सरासरीवर आकारणी झाली असेल तर दुसरा, कारण सरासरीच्या काही बिलांनंतर खरी नोंद घेतली गेली की राहिलेला सगळा फरक एकाच बिलात येऊन बसतो. आमच्या बिलात दोन्ही नोंदी प्रत्यक्ष होत्या आणि फाटकाजवळच्या मीटरवरचा आकडा त्यांच्याशी सुसंगत होता. वापर होता २,१८४ घनमीटर. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर, म्हणजे ९१ दिवसांत रोजचे २४,००० लिटर. मागच्या वर्षी याच काळात १,४२० घनमीटर, म्हणजे रोजचे सुमारे १५,६०० लिटर. तुलना मुद्दाम मागच्या बिलाशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी केली. हिवाळ्याशी उन्हाळा ताडून पाहिला तर प्रत्येक मे महिन्यात गळती सापडेल.

वापर दीडपट झाला होता, बिल मात्र जवळजवळ दुप्पट. दर पाहिला तर दोन्ही वर्षी तोच, हजार लिटरला ६.३६ रुपये. (हा दर दर वर्षी १६ जूनपासून बदलता येतो आणि वाढ कमाल ८ टक्के असू शकते, त्यामुळे दरवाढीने बिल दुप्पट होणे तसेही शक्य नव्हते.) खरी मेख पुढे होती. महापालिका घरटी पाच माणसे धरते आणि माणशी रोज १५० लिटर हा साधा वापर मानते, म्हणजे एका घराला ७५० लिटर. माणशी १५० ते २०० लिटरच्या टप्प्यातील पाण्याला दुप्पट दर लागतो, २०० ते २५० ला तिप्पट आणि त्यापुढे चौपट. चोवीस घरांची साध्या दराची मर्यादा रोज १८,००० लिटर झाली. मागच्या वर्षी सोसायटी तिच्या आत होती. यंदा १८,००० च्या वरचे सहा हजार लिटर रोज दुप्पट दराने मोजले गेले. म्हणजे १,६३८ घनमीटरचे १०,४१८ रुपये आणि उरलेल्या ५४६ घनमीटरचे, त्याच्या एक तृतीयांशच पाणी असूनही, ६,९४५ रुपये. या बेरजेवर ७० टक्के मलनिःसारण आकार. त्यात एक विचित्र गोष्ट अशी की जे पाणी गटारापर्यंत कधी पोहोचलेच नाही, जमिनीत मुरले, त्याचाही मलनिःसारण आकार आपण भरतो, कारण तो जलआकारावर बसतो आणि जलआकार मीटरवर. रोजचे २४,००० लिटर हा आकडा माणशी बरोबर २०० लिटरला येतो, म्हणजे आमची सोसायटी तिपटीच्या उंबरठ्यावर उभी होती.

या घरटी पाच माणसांच्या गृहीतकाची दुसरी बाजूही इथेच लक्षात आली. आमच्या चोवीसपैकी नऊ घरांत दोनच माणसे राहतात, मुले पुण्याला किंवा परदेशी. त्यांच्या वाट्याचे न वापरलेले पाणी मर्यादेच्या हिशेबात सोसायटीला मिळते आणि दोन-तीन हजार लिटरची गळती त्या मोकळ्या जागेत निवांत दडून राहू शकते. बिल साध्या दरात आहे याचा अर्थ गळती नाही असा होत नाही, हे समितीला पटवायला बराच वेळ लागला. ज्या पाच तरुणांवर संशय होता त्यांचे घर तर गृहीतकात तंतोतंत बसणारे होते: एक घर, पाच माणसे.

आता मीटरचा प्रश्न. पहाटे पाणी यायच्या वेळी नळातली हवा मीटरमधून जोरात सरकते आणि त्या हवेचेही बिल लागते, असे मुंबईत अनेक जण सांगतात. खंडित पुरवठ्यात हे घडू शकते, म्हणून ती शंका हसण्यावारी न नेता तपासली. आमच्याकडे पाणी पहाटे साडेचारला येते आणि नऊला जाते. पाण्याची धार स्थिर झाल्यावर पाच वाजता खालच्या टाकीच्या तोंडावरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला आणि मीटरच्या काचेखालची, अगदी बारीक धारेलाही फिरणारी चक्री टॉर्चच्या उजेडात दहा मिनिटे पाहत बसलो. ती थांबली आणि थांबलेलीच राहिली. म्हणजे मीटरपासून टाकीपर्यंतचा नळ गळत नव्हता. मग व्हॉल्व्ह उघडला, पंप बंद ठेवला आणि वीस मिनिटे पाणी टाकीत येऊ दिले. टाकी आतून ४ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद आहे, म्हणून पाणी एक सेंटीमीटर चढले की १२० लिटर. पाणी १५ सेंटीमीटर चढले, म्हणजे १,८०० लिटर; मीटरने दाखवले १,८४०. चाळीस लिटरचा फरक पट्टी वाचण्यातल्या चुकीचा असेल असे मी वहीत लिहिले आणि मीटरला निर्दोष ठरवले. मीटरबद्दलचा निष्कर्ष बरोबर होता. चाळीस लिटरबद्दलचा नव्हता, पण ते दोन दिवसांनी कळले.

खरा धागा वॉचमनने दिला. आठ वर्षे तो पंप रूमच्या शेजारी बसतो. त्याला कोणी विचारलेच नव्हते. मीटरपाशी उभे राहून त्याने सांगितले, "साहेब, मागच्या साली साडेसातला टाकीत पाणी पडायचा आवाज बंद व्हायचा. बॉल कॉक बसायचा. हल्ली नऊला पाणी जातं तोवर पडतच असतं." (बॉल कॉक म्हणजे टाकी भरली की येणारे पाणी बंद करणारा तरंगता व्हॉल्व्ह.) वीस मिनिटांत १,८४० लिटर म्हणजे तासाला साडेपाच हजार. मागच्या वर्षीचे १५,६०० लिटर भरायला तीन तासांहून कमी वेळ लागतो, आणि साडेचार तासांत २४,८०० लिटर येते. त्याच्या कानाने ऐकलेले आणि बिलावर छापलेले आकडे अगदी जुळत होते. टाकी भरतच नव्हती, म्हणून रात्री नळाची धार बारीक होत होती, म्हणून टँकरचा ठराव आला होता.

पुढची तपासणी रात्रीची. रात्री साडेदहाला गच्चीवरची टाकी भरून घेतली, पंपाचा स्विच खाली केला, खालच्या टाकीच्या तोंडावरचा व्हॉल्व्ह बंद केला आणि वर चढणाऱ्या नळाचाही व्हॉल्व्ह बंद केला. हा शेवटचा व्हॉल्व्ह बहुतेक जण विसरतात. चढत्या नळातला एकमार्गी व्हॉल्व्ह सैल असेल तर वरचे पाणी हळूहळू खाली परत येते आणि खालच्या टाकीची गळती झाकून टाकते. शाळेची ३० सेंटीमीटरची पट्टी एका सळईला बांधून टाकीत सोडली होती. त्या वेळी तळापासून पाण्याची उंची एक मीटर होती. पहाटे साडेचारला ती ९० सेंटीमीटर झाली होती. सहा तासांत १० सेंटीमीटर, म्हणजे १,२०० लिटर. तासाला २०० आणि दिवसाला ४,८००. झाकण बंद असलेल्या टाकीत बाष्पीभवनाला हिशेबात जागाच नाही. त्या सकाळच्या चाळीस लिटरांचा हिशेबही तेव्हा लागला: वीस मिनिटांत चाळीस म्हणजे तासाला १२०. त्या वेळी टाकीत पाणी कमी होते, वरचा दाब कमी होता, म्हणून गळतीही कमी होती.

टाकी गळते हे कळले, पण कुठून? बारा चौरस मीटर तळ आणि चार भिंती फोडून पाहण्याची गरज नव्हती. पाण्याची पातळी भोकाच्या खाली गेली की गळती थांबते, एवढा साधा नियम पुरेसा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पंप चालवून टाकी ३० सेंटीमीटरवर आणली आणि चार तास ठेवली. पट्टी जराही हलली नाही. ५० सेंटीमीटरवर ती हलत होती, अगदी सावकाश. म्हणजे भोक तळापासून ३० ते ५० सेंटीमीटरच्या पट्ट्यात होते. टाकी साफ करणाऱ्या कामगारांना बोलावून ती पूर्ण रिकामी केली आणि टॉर्च घेऊन तेवढाच पट्टा पाहिला. पूर्वेकडच्या भिंतीत, साधारण ४० सेंटीमीटरवर, जुन्या पंपाचा नळ जिथून बाहेर जात असे तिथले भोक सिमेंटने बुजवलेले होते. पंप हलवला तेव्हा कोणीतरी घाईत भरलेला तो गोळा आकसून कडेने सुटला होता आणि बोट लावल्यावर त्याचा भुगा हातात आला.

त्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूला, पंप रूमच्या मागे, अळू वाढलेले होते. मे महिन्याच्या उन्हात, कोणी पाणी न घालता, गुडघ्याच्या वर आलेले हिरवेगार अळू. तळमजल्यावरच्या वहिनी ते गेले दोन महिने नेऊन वड्या करत होत्या आणि आम्हीही त्या खाल्ल्या होत्या. कोरड्या जमिनीवर उन्हाळ्यात अळू का माजले आहे, हा प्रश्न चोवीस घरांतल्या एकालाही पडला नाही, यात मीही आलो.

भोकापासून चार फुटांवर सांडपाण्याचा चेंबर आहे, आणि बिलापेक्षा मला हीच गोष्ट अधिक गंभीर वाटली. टाकीतून बाहेर पाणी जाते त्याच वाटेने, टाकी खाली असताना आणि पावसाने भोवतालची जमीन भिजलेली असताना, बाहेरचे पाणी आत येऊ शकते. शिवाय पावसाळ्यात बाहेरच्या ओलीमुळे पातळीतली घट कमी दिसली असती आणि चाचणीने गळती नाही असेच सांगितले असते. म्हणून दुरुस्ती मेच्या शेवटच्या आठवड्यातच उरकली. सुटलेला गोळा काढून भोक स्वच्छ केले, न आकसणारे ग्राऊट भरले, त्यावर जलरोधक लेप दिला, तो वाळेपर्यंत दोन दिवस टाकी बंद ठेवली आणि त्या दोन दिवसांत गच्चीवरच्या टाकीतले पाणी सकाळ-संध्याकाळ तासभर सोडून भागवले.

रोजचे ४,८०० लिटर सापडले, पण वाढ होती ८,४०० ची. उरलेल्यासाठी गच्चीवर एक रात्र काढली. रात्री बारा ते दोन दोन्ही विंगांचे उतरते नळ वरच्या व्हॉल्व्हने बंद ठेवले, तेव्हा वरची टाकी हलली नाही. दोन ते चार ते उघडले, तेव्हा ४ सेंटीमीटर पाणी उतरले. वरच्या टाकीचा तळ ५ चौरस मीटरचा आहे, म्हणजे २०० लिटर, तासाला १००. त्या दोन तासांत कोणी उठले असेल, पण बहुतेक इमारत झोपलेली होती. पहाटे चारला ए विंगचा व्हॉल्व्ह बंद करून तासभर पाहिले, तर घट दीड सेंटीमीटर. तीन चतुर्थांश गळती बी विंगमध्ये होती.

घरांतली गळती म्हणजे बहुतेक वेळा फ्लशची टाकी. ठिबकणारा नळ दिसतो आणि ऐकू येतो. फ्लशच्या टाकीतले रबर झिजले की पाणी आवाज न करता भांड्याच्या मागच्या बाजूने सरकत राहते. पण दुसऱ्याच्या संडासात जाऊन तपासणी करायला कोणी तयार होईना आणि घरात बोलवायलाही कोणी राजी नव्हते. मग जिलबीच्या रंगाच्या छोट्या पुड्या बांधल्या आणि प्रत्येक दारावर चिठ्ठीसह दिल्या: रात्री झोपताना फ्लशच्या टाकीचे झाकण उघडून रंग टाकावा, अर्धा तास फ्लश ओढू नये आणि भांड्यात रंग उतरला का ते पाहावे. पाच घरांनी दुसऱ्या दिवशी आपणहून कळवले. उरलेल्या दोन घरांचे एका आजोबांनी सांगितल्यावर कळले, कारण त्यांच्या शेजारच्या त्या दोन्ही घरांत पुडी न उघडता देवळीत ठेवून दिली होती. एकूण सात, पैकी पाच बी विंगमधले. तिसऱ्या मजल्यावरच्या तरुणांची फ्लशची टाकी ठणठणीत होती. सात घरांतून तासाला १०० लिटर म्हणजे घरागणिक मिनिटाला पाव लिटरच्या आत. इतकी बारीक धार पांढऱ्या भांड्यात रंगाशिवाय दिसत नाही. दिवसाची बेरीज मात्र २,४०० लिटर. रबर आणि वॉशर सभासदांनी आपल्या खर्चाने बदलले, प्लंबर एकच बोलावला.

४,८०० आणि २,४०० मिळून ७,२०० झाले. बाकीचे १,२०० लिटर आम्हाला सापडले नाहीत. मागच्या वर्षी कुलूपबंद असलेली दोन घरे यंदा भाड्याने गेली आहेत, त्यात काही भाग बसेल, पण ते मोजलेले नाही आणि म्हणून वहीत ते न जुळलेले म्हणूनच नोंदले आहे.

बिल मुदतीत भरले. आकारणीत चूक नव्हती, तेव्हा तक्रार कशाची करणार? दुरुस्तीनंतरच्या पहिल्या चाळीस दिवसांत रोजचा सरासरी वापर १६,६०० लिटर निघाला. त्या हिशेबाने तिमाहीचे बिल सुमारे १६,३०० रुपये होते, म्हणजे बचत तेरा हजारांची. घरटी महिन्याला १८५ रुपयांच्या आत. बैठकीत एका सभासदाने एवढ्यासाठी रात्री जागलात का असे विचारले आणि पैशाच्या बाजूने पाहता त्यांचे म्हणणे खोटे नाही. मुंबईचे पाणी स्वस्त आहे. पण तानसा, वैतरणा, भातसा यांसारख्या लांबच्या धरणांतून येऊन, शुद्ध होऊन फाटकापर्यंत पोहोचलेले ७,२०० लिटर म्हणजे महापालिकेच्याच मापाने साडेनऊ कुटुंबांचे रोजचे पाणी, आणि त्याच काळात आम्ही टँकरचा ठराव लिहीत होतो. तो ठराव मागे घेतला गेला.

आता वॉचमन रोज सकाळी साडेनऊला मीटरची नोंद वहीत लिहितो आणि मोबाइलने काचेचा फोटो काढतो. प्रत्येक पानावर १८,००० च्या जागी लाल रेघ आहे. आकारणी संपूर्ण बिलकाळाच्या सरासरीवर होत असल्याने एखादा दिवस रेघ ओलांडल्याने दुप्पट दर लागत नाही, पण ओलांडली की त्याच दिवशी सचिवांना फोन जातो. सप्टेंबर संपेपर्यंत ती सहा वेळा ओलांडली गेली. पाच दिवस गणपतीचे होते, घरोघर पाहुणे होते. सहाव्या दिवशी २१,४०० चा आकडा आला तेव्हा वॉचमन स्वतःच गच्चीवर गेला. कोणीतरी गच्ची धुवायला लावलेला पाइप रात्रभर चालू राहिला होता.